कौल अर्ध्यावर सोडला तेव्हा

ही गोष्ट मी दोन वर्षं घराबाहेर कुणाला सांगितली नाही, कारण तिची सुरुवात माझ्याच तोंडून झाली. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे. अकरावीत नापास झालेल्या माझ्या मुलीला मी सुपारी सोलणाऱ्या बायकांसमोर म्हणालो, "ही आमची पोकळ सुपारी. वरून ठसठशीत, आत काही नाही." बायका हसल्या. तीही हसली. त्यानंतर ती पानावरून लवकर उठू लागली, आवडते कानातले मामेबहिणीला देऊन आली, आणि एकदा आईला सहज म्हणाली, मी नसले तर तुमची कटकट जाईल. बायकोने मला सांगितलं. मला जेवण जाईना, झोप येईना. पण मुलीजवळ बसायचा धीर होईना. म्हणून ग्रामदेवीला कौल लावायला गेलो.

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पोरीला बाहेरचं काही लागलंय, डावी पडली तर नाही. तास गेला, एकही हलेना. मी नुसता आत-बाहेर करत होतो. पायरीवर बसलेल्या एका वयस्क, अनोळखी बाईंनी विचारलं, कुणासाठी आलास? का कोण जाणे, मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं, सुपारीचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "माज्या लेकासाठी मी तीनदा कौल लावला. त्याला एकदा पन विचारलं न्हाय. आता विचारायला तो न्हाय. तू ऊठ, बाबा. मरावंसं वाटतं काय, असं सरळ विचार तिला. विचारल्यानं काय वाईट व्हत न्हाय."

कौल अर्ध्यावर सोडून उठू नये म्हणतात. मी उठलो. गुरव मागून हाका मारत राहिला.

मुलगी मागल्या पडवीत होती. आधी माफी मागितली, मग विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"रोज वाटतं, बाबा."

त्याच दुपारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. पुढचे कितीतरी दिवस तिला एकटं सोडलं नाही. उपचार अजून चालू आहेत.

त्या बाईंना नंतर पुष्कळ शोधलं, सापडल्या नाहीत. देवीनेच पाठवलं, असं बायको म्हणते. मी वाद घालत नाही. देवावर भार टाकला की आपण सुटलो, असं मला वाटायचं. खरं तर मी उत्तराला भीत होतो, आणि ती भीती देवीच्या पायाशी ठेवायची होती. जीव अजून थाऱ्यावर नाही. तिच्या खोलीचं दार लागलं की मी उठून उभा राहतो. पण परवा ती आपणहून म्हणाली, "आज बरं वाटत नाहीये. इथेच बसा ना जरा."

मी बसलो. देवी आई, एवढं दिलंस, पुष्कळ दिलंस.