चारशे दहा पावलं

उखाचा आवाज असा, की तो बायकोला ‘मीठ वाढ’ म्हणाला तरी शेजारी भांडण सोडवायला धावत. ही थट्टा नव्हे. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत नवा राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी धावायचाच. मग जुनी मंडळी त्याला ओट्यावर बसवून समजूत घालायची, ‘बाबा रे, तो संच्यावरचा माणूस. अठरा वर्षं खडखडाटात उभा आहे. कान गेले म्हणून आवाज चढला. रागावलेला नाही, जेवायला बसलाय.’

संचा म्हणजे यंत्रमाग, आणि संचे जिथं चालतात ते खातं. खान्देशातून सुरतेला आलेला अर्धा गाव खात्यात उभा असायचा, बारा-बारा तास. तिथं तोंडाचा काही उपयोग नाही. शेजारच्याच्या कानाला ओठ लावून ओरडलं तरी त्याला फक्त वारा लागतो. म्हणून सगळा कारभार हातांनी. दोन बोटं कातरीसारखी मिटली की धागा तुटला. पोटावरून हात गोल फिरवला की शेठ आले, कामाला लागा. दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून शेवटी तळवे उघडे केले की बीम संपलं, ताण्याचं सूत खलास, आता संचा उभा राहणार.

उखाची बायको सुंदरा त्याच खात्यात कोपऱ्यात कांड्या भरायची. तिच्या शेजारी धुरपदाबाई. धुरपदाबाई सांगायची, की या नवराबायकोचं भांडण पाहावं. आवाजाचा पत्ता नाही, पण हात असे चालायचे, की बाकीच्यांचे धागे तुटायचे तिकडं बघताबघता. सासरच्या माणसांची उणीदुणी, पोरीचं दुखणं, रात्रीची भाजी, सगळं तीस फुटांवरून. घरी आल्यावर मात्र उखाला तोंड वापरावं लागे आणि मग गल्ली धावत येई.

गेल्या श्रावणात सुंदराला ताप भरला. मोठा दवाखाना रेल्वेच्या पलीकडं. पलीकडं जायचं तर रुळांखालच्या गरनाळ्यातून, आणि त्यात छातीभर पाणी. हातगाडीवर तिला घालून उखा, धुरपदाबाई आणि तिचा नवरा धुडकू सकाळपासून अलीकडं उभे होते. पाणी उतरलं ते दिवस कलल्यावर. तोवर पलीकडं जायची गरज उरली नव्हती. उखानं गाडी वळवली.

दहावं झालं आणि अकराव्या दिवशी तो खात्यात हजर. लोक म्हणाले, रडून मोकळा हो. तो म्हणाला, हां. आणि संचा सुरू केला. त्यानंतर त्याचे हात फक्त कामापुरते चालले. कांड्यांच्या कोपऱ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. धुरपदाबाईनं एकदा परीक्षा घ्यायची म्हणून त्याला धाडलेल्या पिठल्यात मीठच घातलं नाही. खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. तेही खाल्लं.

“भाऊ, गवत वाढसू का उद्या?” ती म्हणाली.

“दे,” उखा म्हणाला.

जूनमध्ये त्याची पोर पुष्पा मॅट्रिक पास झाली. गल्लीतली पहिलीच. धुरपदाबाईनं गूळ वाटला आणि वाटताना ज्यांची पोरं नापास झाली त्यांच्या दारात जरा जास्त वेळ उभी राहिली. पुष्पाला कॉलेजात जायचं होतं. कॉलेजं सगळी तिकडं, अठवालाइन्सला, शहराच्या त्या टोकाला.

उखा म्हणाला, “गरनाळातून जानं नही.”

दहा महिन्यांत कुणी न विचारता तो बोललेलं हे पहिलं वाक्य. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

“मग कसं जाऊ, बा?”

“पल्याड रूम देखू. पायी जाशी. रूम भेटनी ते कॉलेज. नही भेटनी ते नही.”

कॉलेज उघडायला बारा दिवस होते. तो रागानं बोलला नव्हता, म्हणूनच पुष्पा घाबरली. रागावलेल्या बापाची समजूत घालता येते.

मग शोध सुरू झाला. खात्यात खाडा करून उखा पोरीला घेऊन निघायचा आणि धुरपदाबाई न बोलावता बरोबर. तिचं म्हणणं, बाईमाणूस सोबत नसलं तर सुरतेत कुणी गोठासुद्धा दाखवत नाही. उखाची रूम पाहण्याची रीत एकच. आत डोकावायचाही नाही. दारापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत जायचा, पावलं मोजायचा, परत येऊन आकडा सांगायचा. माणूस आयुष्यभर दोन संच्यांच्या मधल्या पट्टीत येरझारा घालत आला. त्याला पावलांशिवाय दुसरं माप ठाऊक नव्हतं.

पहिली रूम नानपुऱ्यात, एका मास्तरांची. पुष्पाला आवडली, मास्तरीणबाईंना पुष्पा आवडली. उखा फाटकापर्यंत जाऊन आला आणि दारातून म्हणाला, “दोन हजार तीनशे!” माजघरात झोपलेलं मूल दचकून रडायला लागलं. समोरच्या घरातून दोघे जण लाठी घेऊन आले. मास्तरीणबाई हात जोडून म्हणाल्या, “भाई, आ भणवावाळानो महोल्लो छे.” इथं शिकणारी माणसं राहतात, शांतता हवी. रूम गेली.

“तू आते तोंड उघाडूच नको,” धुरपदाबाईनं रस्त्यात फर्मान काढलं. “मी बोलसू.”

आता धुरपदाबाईसुद्धा वीस वर्षं त्याच खात्यात बसलेली. तिचा आवाज उखापेक्षा फार तर वितीनं कमी. पण तिला कोण सांगणार?

पुढच्या चारपाच दारांत एकच प्रश्न आला, “फॅमिली छे?” बाप आणि लेक ही फॅमिली होत नाही, बाई कुठाय? एका ठिकाणी रूम अगदी नामी होती, नऊशे पावलांवर. घरमालकाच्या बायकोनं फॅमिलीचं विचारलं आणि धुरपदाबाईला राहवलं नाही. पदर डोक्यावर घेऊन ती म्हणाली, “हूं छू ने!” मीच की फॅमिली.

उखानं ऐकलंच नाही. पुष्पा भिंतीकडं बघत राहिली. मालकीणबाई खूश झाल्या, पाणी आणायला आत गेल्या, आणि तेवढ्यात अंगणात सायकल येऊन आपटली. धुडकू. सकाळपासून घरात चूल पेटली नव्हती आणि शेजाऱ्यांनी पत्ता दिला होता.

“मन्ही बायको कोठे शे?” तो गरजला. तोही संच्यावरचाच.

मालकीणबाई पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आल्या, एकीचे दोन नवरे पाहिले आणि तांबे तसेच परत घेऊन गेल्या.

त्या दिवशी परतताना धुडकू हसत होता, धुरपदाबाई हसू दाबत त्याला शिव्या देत होती. पुष्पा मागं चालत होती. गरनाळ्यापाशी आल्यावर उखा थांबला. आत कोरडं होतं, शेळ्या बसल्या होत्या. त्यानं सगळ्यांना पुढं जाऊ दिलं, मग आपण गेला. घरी येऊन जेवला. काय जेवला, ते त्याला विचारून उपयोग नव्हता.

तीन दिवस उरले तेव्हा धुरपदाबाईनं शपथ घेतली, की ती येणार नाही. आली, पण कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीशी उभी राहिली. पुष्पानं एक घर हेरून ठेवलं होतं. वर एक खोली, पुढं लाकडी गॅलरी, खाली एकटी राहणारी म्हातारी, जसुबा; गुजरातीत बा म्हणजे आई. नवरा शाळामास्तर होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. वर आधी दोन विद्यार्थी राहायचे. त्यांच्या रेडिओला कंटाळून बांनी त्यांना काढलं होतं.

“अवाज नहीं जोइए,” आवाज नको, हे बांचं पहिलं वाक्य. ‘कोण?’सुद्धा नंतर.

उखानं मान हलवली आणि नेहमीसारखा फाटकाकडं निघाला. पुष्पा बांबरोबर वर गेली. परत आला तेव्हा पोर गॅलरीत उभी होती, मागं जसुबा. पुष्पाला मास्तरांचं घर आठवलं. आता हा खालून आकडा ओरडणार आणि हीही रूम गेली. ओरडून गप्प करावं, तर तेही ओरडणंच. तिनं घाईघाईत हात वर केला आणि आई करायची तशी खूण केली: बोटं उघडमिट करून, किती?

सुंदरानं पोरीला शिकवलं होतं हे उखाला माहीत होतं. लहानपणी तीही कांड्यांच्या टोपलीजवळ बसलेली असायची. पण दहा महिने तिनं बापाशी हातानं एक शब्द काढला नव्हता. उखा अंगणात उभा राहिला. पानाच्या टपरीशी धुरपदाबाईचा चुना ओठांशीच थांबला.

मग त्याचा हात वर आला. चार बोटं, मूठ, मूठ. पुन्हा सगळी दहा. चारशे दहा.

पुष्पानं सांगितलं: पाणी आहे. खिडक्या दोन. त्यानं विचारलं: चूल? आहे, धूर बाहेर जातो. वर गळतं का? नाही. आणि मग, सवयीनं, पोटावरून हात गोल फिरवून तिनं खुणावलं, की मालकीण मागंच उभी आहे, जपून.

“पेट केम बतावे छे?” जसुबांनी विचारलं. पोट कशाला दाखवतेस?

पुष्पानं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. वडील संच्यावर आहेत, ऐकू येत नाही, बोलले तर गल्ली जागी होते, म्हणून हातानं बोलतो, पोटाची खूण शेठची आहे, असं तिनं सगळं सांगून टाकलं. जसुबांनी आपल्या पोटाकडं पाहिलं. मग जिन्यावरून खाली उतरल्या आणि उखाच्या समोर उभं राहून, त्याला ओठ दिसतील असं तोंड उघडून विचारलं, “पोयरीनी मा?” पोरीची आई?

पुष्पा धावत खाली आली, पण उत्तर देऊन झालं होतं. उखानं दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या आणि तळवे उघडे केले. संचा उभा राहतो तेव्हा करतात तसं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

पुष्पानं अर्थ सांगितला नाही, बांनी विचारला नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, “मासमच्छी खाव छो?”

“नाही, बा,” पुष्पा म्हणाली.

“अहीं कशो अवाज थाय तो रूम खाली.” इथं आवाज झाला तर रूम खाली करायची.

बिऱ्हाड हलवायला हातगाडी लागली. तीच होती की दुसरी, हे कुणी विचारलं नाही. धुरपदाबाईनं वाटेत गल्लीभरच्या निंदा पुष्पाला शिदोरीसारख्या बांधून दिल्या, तिथं बोलायला कुणी मिळणार नाही म्हणून. कॉलेज उघडलं त्या दिवशी पोर चारशे दहा पावलं चालत गेली. म्हणजे तिची जास्त भरली असतील. उखा त्याच वेळी उलट्या दिशेनं निघाला. खातं होतं तिथंच होतं. आता त्याला जायला तासभर लागे, यायला तासभर, आणि गरनाळं त्याच्या वाट्याला आलं.

वर घरात आवाज कसला तो नव्हता. जसुबा खालून कान लावायच्या आणि धुरपदाबाईकडं तक्रार करायच्या, की जिवंत आहेत की नाही तेच कळत नाही. धुरपदाबाई दर रविवारी बाजाराच्या निमित्तानं यायची. जसुबांना ती आवडायची नाही, पण तिच्यासाठी त्या पायरीवर आधीच येऊन बसलेल्या असायच्या. उखा मात्र तसाच. पानात पडेल ते खाई. गॅलरीत बसे. पुष्पा कॉलेजातलं हातानं सांगे, तो पाही आणि ‘हां’ची मान हलवी.

आषाढ सरता सरता एका रात्री सलग पाऊस झाला. सकाळी थांबला. उखा डबा घेऊन निघाला आणि गरनाळ्याशी पोचला तर पाणी छातीभर. अल्याडपल्याड माणसं उभी होती, सायकली खांद्यावर घेऊन. एक बैलगाडी मधोमध अडकली होती. पलीकडून धुडकूनं त्याला पाहिलं आणि हातानं खूण केली, आज खातं बंद, घरी जा. उखानं हात हलवला. गेला नाही. दुपार होईस्तोवर तिथंच उभा राहिला. पाणी पाहत होता असंही नाही. बाकीचे गेले, डबा त्याच्या हातातच राहिला.

तो घरी आला तेव्हा ऊन पडलं होतं. जिन्याच्या तोंडाशी पुष्पाच्या चपला होत्या. ती कॉलेजातून चारशे दहा पावलं चालत येऊन वर भात टाकत होती. उखा वाकला. एक चप्पल उचलली, उलटी केली, अंगठ्यानं तळ दाबून पाहिला. दुसरी उचलली. तिचाही दाबला. मग पट्टे चाचपले. जसुबा पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“हू थ्यू?” त्यांनी तोंड उघडून विचारलं. काय झालं?

“कोरड्या!” उखा ओरडला. “कोरड्या शेतस!”

समोरच्या घराची खिडकी उघडली. शेरीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. वर पुष्पाच्या हातून झाकण पडलं आणि ती गॅलरीत धावत आली, हातानं ‘आस्ते, आस्ते’ करत. उखाचं तिकडं लक्ष नव्हतं. दोन्ही चपला छातीशी धरून तो तिसऱ्यांदा तेच ओरडला आणि त्याचा आवाज मधेच फुटला. मग तो पायरीवर, जसुबांच्या तांदळाशेजारी बसला आणि रडला. तेही संच्यावरच्या माणसासारखंच, शेरीभर.

शेजारचे भांडण सोडवायला धावत आले. जसुबांनी सूप बाजूला ठेवलं, उठून दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना सांगितलं, भांडण नाही, परत जा. रूम खाली करायचं त्या बोलल्या नाहीत. रविवारी धुरपदाबाईला मात्र रंगवून सांगितलं, आणि धुरपदाबाईनं ते लिंबायतला जाताना वाटेत आणखी जरा वाढवलं.

त्या दिवशी संध्याकाळी पुष्पानं भात वाढला. पहिला घास घेऊन उखा थांबला. मग हातानंच म्हणाला, मीठ कमी आहे.