आंब्याच्या वरातीतला पेरू

बारामतीच्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवतो आणि अंथुर्ण्याच्या जत्रेत कुस्त्यांचं निवेदन करतो. आवाज दोन्हीकडे तोच लागतो. समोर चार माणसं बसली की माझ्यातला शहाणा माणूस उठून जातो, असं बायकोचं म्हणणं आहे.

निर्यातीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी गावी आलो तो हवेत तरंगतच. कुठला देश बाहेरून कुठला माल किती मागवतो, ते घरबसल्या फुकट बघता येतं! प्रत्येक मालाला आकड्यांचा एक संकेतांक असतो. तो टाकायचा, की देशांची रांग उभी. मी पेरू शोधला, सहा आकडे मिळाले, ते टाकले. आणि आलेखात आखाती देशांचे खांब असे वर चढले की मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. एकटाच.

रविवारी आमच्या विहाराच्या सभागृहात भिंतीवर तो तक्ता लावला. पहिल्या रांगेत आबा. माझ्या वडिलांचे दोस्त. आज्याच्या काळापर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती, आता पेरूची बाग. फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वर पिशवी घालायची, असं लेकरासारखं जपलेलं.

"आबा, हे खांब बघा! एवढी माणसं वाट बघतायत, आणि तुम्ही बाग देता कुणाला? दारात टेम्पो लावणाऱ्याला!"

"खांबाला फोम घातला का न्हाय, सर?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. मला हशा आवडतो. मी आणखी चढलो.

आबांनी त्या वर्षीही लासुर्ण्याच्या व्यापाऱ्याला बागेचा शब्द दिलेला होता. कित्येक वर्षं तो व्यवहार नुसत्या शब्दावर चाले, कागद म्हणून नाही. माझ्या आग्रहानं त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला.

"यंदा न्हाय जमायचं."

पलीकडून आवाज आला, "आबा, शब्द झालता की."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला. त्या अंगठ्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्यानं आबांची सून आली. ती बारामतीजवळ, फळं निवडून-बांधून परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाउसमध्ये कामाला आहे. माझ्या तक्त्याचा फोटो तिच्या मोबाइलवर होता.

"सर, या संकेतांकात काय काय येतं, ते वाचलं का?"

वाचलं नव्हतं. आता वाचलं: पेरू, आंबा आणि मँगोस्टीन. तिन्ही एकाच गाठोड्यात.

"म्हणजे आंब्याच्या वरातीत आमचा पेरू निस्ता करवला व्हता," ती म्हणाली. "आपल्या देशाच्या निर्यातीच्या यादीत पुढं अजून दोन आकडे हायत. तितं पेरू येगळा मोजत्यात."

ते दोन आकडे टाकले. मी खांब शोधू लागलो.

"त्यो काय, खालच्या रेघेला चिकटलाय," ती म्हणाली. "पाठवता येतो सर, न्हाय असं न्हाय. पर आधी गिऱ्हाईक धरायचं, मग तोडायचा. झाडावरचा पेरू थांबत न्हाय."

कोष्टकाचं शीर्षक वाचल्याशिवाय आकड्याला हात लावू नका, हे मी दर वर्षी पोरांना ओरडून शिकवतो.

आम्ही दोघांनी जाऊन आबांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाले, "चल, गाडी काढ."

लासुर्ण्यापर्यंत मी मनात माफीचं भाषण रचलं. सुरुवात, विराम, भरून आलेला गळा, सगळं जागच्या जागी. व्यापारी क्रेटवर बसला होता.

"आबा, तुमचा शब्द म्हंजी दगडावरची रेघ. कुणी फितवलं तुमाला?"

मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. पण त्यातून काही बाहेर येईना.

"कोण फितवतंय?" आबा म्हणाले. "म्हातारपणी हाव सुटली."

"हाव? तुमाला?" त्यानं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी क्रेटमधल्या पेरूंकडे बघत राहिलो. "उद्या टेम्पो धाडतो. पर आबा, आता कागद करू. वाईट वाटून घेऊ नगा."

आबांची मान क्षणभर खाली गेली. मग मला म्हणाले, "लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिलं. वळणदार. खाली आबांनी सावकाश सही केली, आणि साक्षीदार म्हणून मी.

परतताना आबा मोटरसायकलवर माझ्या मागे बसले.

"आबा, मी सांगणारच होतो."

"व्हय," मागून आबा म्हणाले. "हळू चालव जरा."