फुलसावंगीची होळी आणि संगीताची अट

पुसदच्या उन्हाबद्दल जास्त बोलत नाही. एवढंच सांगतो, बसमधून उतरलो तेव्हा माझी सावली माझ्याआधी रसवंतीत शिरली. आत माझा ट्रकवाला मित्र प्रकाश बसला होता, चेहरा पंक्चर टायरसारखा. त्याच्या बाळाची ही पहिली होळी, म्हणून मी त्याच्यासोबत फुलसावंगीजवळच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) निघालो होतो.

"काहून रे, असा?"

"संगीतानं फोनवर सांगतलं, आधी रक्त तपासून ये, मंग घरात पाय ठेव."

लांबच्या फेरीत, दारूच्या भरात, तो एका बाईकडे गेला होता, तेही निरोध न वापरता. बायकोला, म्हणजे संगीताला, त्यानंच ते सांगून टाकलं होतं.

सरकारी दवाखान्यात तो सुईआधीच किंचाळला. बाहेरची दोन माणसं तपासणी न करताच पळाली. समुपदेशक ताई म्हणाल्या, "आज काही निघालं नाही. पण एचआयव्हीची लागण लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी परत या. तोवर निरोध वापरा. आणि सणात पिताना सांभाळा, शुद्ध गेली की निरोध खिशातच राहतो." पाकिटं फुकट मिळाली.

बाहेर येताच प्रकाश म्हणाला, "काही निघालं नाही, एवढंच सांगतो घरी. तीन महिन्याचं कायले काढू?"

मी जीपला हात केला. वाटेत पळस इतका लाल फुलला होता की जीपवाल्यानं सिग्नल समजून दोनदा ब्रेक मारला.

तांड्यावर प्रकाशच्या आईनं गळवाणी (गूळ-पिठाचं गोड पेय) पाजली. मी इतकी प्यालो की चालताना पोटातून विहिरीचा आवाज येत होता. संगीतानं मात्र नवऱ्याची खाट अंगणातच टाकली.

दुसऱ्या दिवशी अंगणात खुंटा रोवून त्याला गोडधोडाची हंडी बांधली. बायांनी काठ्या घेऊन राखण करायची, पुरुषांनी मार खात खुंटा उपटायचा, अशी रीत. प्रकाशच्या साळ्यानं मोहाची दारू पुढे केली. "घ्या भाटवे, मार लागत नाही!"

"नको. आज बोलाचं हाय."

त्याच्या वाटचीही मी घेतली आणि सिंहासारखा धावलो तो थेट बकऱ्याच्या खुंट्यावर. बाया काठ्या टाकून हसल्या. बकरा हसला नाही, त्यानं मागून धडक दिली. मी मातीत लोळत असताना प्रकाश शुद्धीत पुढे आला. समोर संगीता, काठी उगारलेली.

"दवाखान्यात काय म्हनले? सारं सांग."

तो थांबला. मग लेंगीच्या (होळीच्या गाण्यांच्या) गलक्यात हळूच म्हणाला, "आज काही निघालं नाही. पन तीन महिन्यांनी परत जा लागते. तवरक निरोध. आनला हाय."

फाडकन् एक पाठीत बसली.

"सारं सांगतलं ना! मंग हे कायले?"

"हे मागच्या फेरीचं," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी मीबी येतो पुसदले. तू सुईले भेतं."

संध्याकाळी प्रकाशची खाट अंगणातून आत गेली, हे मी स्वतः पाहिलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही मी नागपूरपर्यंत उभा होतो. बकऱ्यानं मारलं तेव्हा खरंच काही लागलं नव्हतं. दारू मार चुकवत नाही हो, फक्त उशिरा पोचवते.