तुरकीवाल्याचा मंत्र

बोरखेडीत चिंधू नावाची तीन माणसं होती. ज्या घरात पोरं जगत नसत, तिथे पुढच्या पोराचं नाव चिंधू ठेवायचे. चिंधीला कोण उचलून नेतो, असा त्यातला विचार. एक चिंधू मेंढ्या राखायचा, दुसऱ्याला कानांनी कमी ऐकू यायचं, आणि तिसरा रेल्वेच्या गँगमध्ये होता. हा तिसरा म्हणजे तुरकीवाला चिंधू.

उंच, खांद्यात किंचित वाकलेला, बोलायला मऊ. पुलगावच्या लाइनीवर त्यानं उभी उमर रुळाखाली गिट्टी ठोकली. कुणाशी भांडण नाही, दारू नाही. खोड एकच, झोपताना पायतण उशाखाली घ्यायचा. बायको होती तोवर म्हणायची, "घरात कोन नेते तुयं फाटकं पायतण?" तो हसून कूस बदलायचा. ज्या मुलखात पायतण गेलं की माणूसही मागोमाग जायचा, त्या मुलखातून तो परत आला होता. पण तिनं 'कोण नेतं' असं विचारलं होतं, 'तिकडं काय झालं' असं नव्हे. मग सांगणार तरी काय?

पहिल्या मोठ्या लढाईत वस्तीतले दोघं जण गेले होते, चिंधू आणि तानबा. महाराच्या पोरांना तेव्हा बंदूक मिळाली नाही, जखमी वाहायची डोली मिळाली. बसऱ्याला बोटीतून उतरले, नदीकाठानं वर सरकले, एका गावात पलटणीसकट कोंडले गेले. खेचरं खाऊन संपली तेव्हा साहेबांनी हत्यारं खाली ठेवली, आणि सगळे तुर्कांचे कैदी झाले. पुढे वाळवंटातून पायी चालवत नेऊन त्यांना रेल्वेच्या कामावर लावलं.

त्या कैद्यांत सेनबाबू नावाचा एक बंगाली कंपाउंडर होता. त्याला इंग्रजी येत होतं आणि त्या इंग्रजीच्या आधारानं त्यानं तुरकी उचललं होतं. संध्याकाळी तो या अडाण्यांना शिकवायचा. शिपायाची बोली कळली नाही तर पाठीवर दांडा बसायचा, म्हणून सगळे मन लावून शिकायचे. एकदा त्यानं इंग्रजीतला एकच शब्द घेतला, लीव्ह. साहेबाची रजा म्हणजे लीव्ह. हातातली वस्तू सोडली, तेही लीव्ह. माणसाला त्याच्या जागी निवांत पडू दिलं, लीव्ह. गाडी सुटली, लीव्ह. मागं कुणी राहून गेलं, तर तेही त्याच शब्दाच्या पोटातलं. गोऱ्याचं सगळं एका शब्दात भागतं, सेनबाबू म्हणाला, तुर्काचं भागत नाही. तुर्काची रजा म्हणजे इझिन. हात सोड म्हणायचं तर बिराक. निवांत असू दे म्हणायचं तर राहात बिराक, आणि ही राहात म्हणजे आपल्या हिंदीतलीच राहत. गाडी सुटली तर तो म्हणतो कालक्ती, म्हणजे उठली; बसलेली म्हैस उठते तशी त्यांची गाडी उठते. आणि मागं राहिलं ते काल्दी.

"सायबाच्या एका शब्दाचे यानं पाच तुकडे केले," चिंधू म्हणाला होता.

"तुले बी करते," तानबा म्हणाला, "चुकीचा तुकडा उचलून त पाय." आणि दोघं पोट धरून हसले होते. तानबाला तुरकी कधी जमलं नाही. त्याच्या वाटचं तुरकी चिंधूच बोलायचा.

लढाई संपल्यावर चिंधू एकटा परत आला. तानबा मेल्याचा सरकारचा कागद त्याच्या आधी पोचला होता. तानबाची बायको जयवंता दारात बसली होती, विशीतली. चिंधू म्हणाला, "वयनी, ताप आला होता. दवाखान्यात गेला. तकलीफ नाई झाली." ती बरं म्हणाली. खरं ते सांगायला त्याची जीभ उचलली नाही. आज ना उद्या ती विचारेल, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

त्याच वर्षी बंडूजीच्या बापाला इचू, म्हणजे विंचू, चावला. बंडूजीचं घर गावातलं मोठं. चिंधू त्यांच्या आवारात लाकडं फोडत होता. आतून ती किंकाळी आली आणि चिंधूच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली. अशी किंकाळी त्यानं एकदाच ऐकली होती, रुळाच्या कडेला. तो जागीच उभा राहिला आणि तोंडातून आपोआप ते शब्द बाहेर पडू लागले, "इझिन, इझिन. बिराक. राहात बिराक. कालक्ती. काल्दी, काल्दी." पुन्हा पुन्हा. तास-दोन तासांनी म्हाताऱ्याची कळ खांद्यावरून कोपरावर, कोपरावरून बोटावर उतरली. इचवाची कळ उतरतेच. पण तेवढा वेळ आवारात एक माणूस अंगावर काटा आणणाऱ्या अनोळखी भाषेत काही म्हणत होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवसापासून चिंधू इचू उतरवणारा झाला.

त्यानं सांगून पाहिलं. "मालक, हा मंत्र नाई. थे तिकडची भाषा आहे. इझिन म्हंजे—"

बंडूजीनं त्याच्या तोंडापुढे हात धरला. "चूप! अर्थ सांगतला का मंत्र मरते. तुले कोनं शिकवलं असंन त्यानं एवढं बी नाई सांगतलं?"

गावाचा हा पक्का समज होता. मंत्र बोलावा, फोडू नये. फोडला की त्यातला जीव जातो आणि सगळं गाव उघडं पडतं. म्हणून चिंधूला अर्थ कुणी विचारला नाही. तो सांगेल या भीतीनं लोक उलट त्याच्यापासून चार हात लांबच राहत. तसेही राहतच होते म्हणा. इचू चावलेल्याला ओसरीच्या कडेला आणून बसवायचे आणि चिंधू खाली आवारात, कडुलिंबाची डहाळी हलवत उभा. शब्द ओसरी चढून आत जायचे, माणूस खालीच. काम झालं की बंडूजीची आई वरून त्याच्या दुपट्ट्यात पायलीभर जवारी सोडायची, हात न लागेल अशा बेतानं.

ती जवारी चिंधूनं घरी नेली नाही. प्रत्येक वेळी तो सरळ जयवंताच्या दारात जायचा आणि तिच्या सुपात ओतायचा. शब्द तानबासाठी शिकलेले, तानबापायी खर्चलेले. तेव्हा ही तानबाचीच कमाई, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. जयवंता सूप धरायची आणि म्हणायची, "भाऊजी, तुमचा मंत्र हाय म्हनून या घरी चूल हाय." चिंधू मान खाली घालून निघायचा. एकदा तिच्याच पायाला इचू चावला, तेव्हाही तिनं त्याला बोलावलं, आणि त्यानं तिच्यासमोर उभं राहून ते शब्द म्हटले. ती डोळे मिटून ऐकत होती. त्या दिवशी तो जेवला नाही.

अशी सदतीस वर्षं गेली.

छप्पन्न साली दसऱ्याला वस्ती नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली. चिंधूनं घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले आणि गावात जाऊन सांगितलं, आता मंत्र नाही. आम्ही ते सोडलं. खरं तर त्याला हलकं वाटलं होतं. आता तरी कुणी अर्थ विचारेल. पण गावाला त्याचा वेगळाच अर्थ लागला. "आता हे सायेब झाले," बंडूजी चावडीवर म्हणाला. "आमच्या इचवानं मरा म्हन्ते." त्या वर्षी मेलेली जनावरं ओढायला वस्तीतलं कुणी गेलं नाही, आणि वस्तीला कामावर बोलावणंही कमी झालं.

पुढच्या दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात होती. बंडूजीला बाया कमी पडल्या म्हणून वस्तीतल्या चार-पाच जणी घेतल्या होत्या, त्यात जयवंताही होती. दुपारी बंडूजीची सून कमला घरातल्या खोलीत कापूस दाबत होती. ढिगात हात घातला आणि ओरडली. साप होता. बायांनी तिला उचलून ओसरीवर आणलं, आणि एका गड्यानं वस्तीकडे धाव घेतली.

चिंधू आला. आवारात शिरताच त्यानं कमलाचा हात पाहिला. बोटं काळवंडत होती, डोळे जड झाले होते.

"गाडी जुपा," तो म्हणाला. "पुलगावले न्या, तेथून मोटरनं वर्ध्याले. दवाखान्यात सुई देतेत याची."

"सुई मंग देऊ," बंडूजी म्हणाला. "पयले तू म्हन."

"मालक, हा इचू नाई. साप होय."

"तुले म्हनाचं नाई, असं सांग ना! काऊन बे, आमच्या हातची जवारी खाऊन मोठा झाला, अन् आता घरची सून मरून राह्यली त अकड दाखवतं?"

"चिंधूबाबा," बंडूजीची म्हातारी आई ओसरीवरून हात जोडून रडू लागली, "तुया पाया पडतो, म्हन बापा एकदा."

म्हणायला काय लागत होतं? म्हटलं की हे लोक कळ उतरायची वाट पाहत बसणार, आणि ती पोरगी इथंच संपणार. नाही म्हटलं तर विनवण्यांत तेवढाच वेळ जाणार. जोवर मंत्र जिवंत आहे तोवर कुणी बैलाला हात लावणार नाही, हे चिंधूला दिसलं. फाटकाशी कापसाची गाठोडी घेऊन बाया उभ्या होत्या. जयवंता त्यांत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग बघणं सोडलं.

"ऐका सारे," तो मोठ्यानं म्हणाला. असा मोठा आवाज त्याचा कुणी ऐकला नव्हता. "इझिन म्हंजे रजा."

"ए!" बंडूजी धावला.

"तानबाले हगवन लागली होती. उभं राह्यता येत नव्हतं. म्या शिपायाले म्हटलं, एका दिसाची इझिन दे. नाई देल्ली. बिराक म्हंजे सोड. थो तानबाच्या केसाले धरून ओढून राह्यला होता, म्या म्हटलं बिराक. राहात बिराक, मारू नोको, पडू दे त्याले सुखानं. मंग गिट्टीची गाडी आली. आमाले चढवलं, त्याले नाई. कालक्ती. गाडी सुटली." त्याचा श्वास संपला. त्यानं तो पुन्हा घेतला. "काल्दी म्हंजे मांगं राह्यला. तानबा राह्यला. रुळाच्या बाजूले. जिता."

म्हातारीनं ऊर बडवला, "मारला! मंत्र मारला रे यानं!"

आता थांबायला काही उरलं नव्हतं. शिव्या देत देतच बंडूजीनं बैल जुपले. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा चिंधू कडुलिंबाला टेकून बसला होता. जयवंता तिथं नव्हती. तिचं कापसाचं गाठोडं तेवढं फाटकाशी पडलं होतं.

कमला वाचली. दोन बोटं गेली, पण पोरगी महिन्यानं घरी आली. गावात त्यावर दोन तट पडले. काही म्हणाले, फुटताना मंत्राची सारी ताकद एकदम बाहेर आली, म्हणून ती वाचली. काही म्हणाले, मंत्र जिता ठेवला असता तर बोटंही गेली नसती. बंडूजी दुसऱ्या तटात होता. तिसरं कुणी काही म्हणालं नाही. चिंधूनं इतकं सांगितलं, पण तानबा कोण, असं गावातल्या एकाही माणसानं विचारलं नाही.

जयवंता चौथ्या दिवशी आली. हातात सूप होतं, सुपात जवारी. ती दारातच उभी राहिली.

"जिता होता?"

"हाव."

"काई म्हने?"

चिंधूला खोटं सुचलं नाही. "त्याले तुरकी येत नव्हतं, वयनी. आपल्याच बोलीत ओरडून राह्यला होता. चिंधू, मले बी घे म्हने."

जयवंतानं सुपातल्या जवारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अन् त्याच शब्दायवर तुमी गाववाल्यायचे इचू उतरवले. सारी जिंदगी."

"वयनी, एक दाना बी म्या घरी आनला नाई. सारी तुमच्याच सुपात टाकली. तानबाची कमाई म्हनून."

"तेच म्हनून राह्यली मी," ती म्हणाली. "तुमी नाई खाल्ली. म्या खाल्ली."

तिनं सूप उंबऱ्यावर पालथं केलं आणि गेली. कोंबड्या जमल्या. चिंधूनं त्यांना हाकललं नाही.

पुढच्या चैतात दुपारच्या वेळी जयवंताच्या घरून किंकाळी आली. लाकडाच्या ढिगात तिला इचू चावला होता. शेजारणी धावल्या, कुणी चुना लावला, कुणी कांदा. चिंधू पायतण न घालता निघाला आणि तिच्या आवाराच्या कडेला येऊन थांबला. कुणी त्याला आत बोलावलं नाही. ओसरीवर जयवंता हात धरून कण्हत होती. तिनं एकदा डोळे उघडले, त्याला पाहिलं, आणि मिटले.

तो तापलेल्या भुईवर उभा राहिला. तोंड बंद होतं. ऊन कलेपर्यंत कळ तिच्या खांद्यावरून कोपरावर आली, कोपरावरून बोटावर, आणि उतरली. नेहमी उतरते तशीच.