खिडकीखालची ओल

काका आधी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत, मान तिरकी करून ऐकत, आणि मग शर्टाच्या खिशातून स्वेटर विणायची एक लांब सुई काढून खिडकीच्या चौकटीत खुपसत. सुई अडली तर पुढच्या खिडकीकडे वळत. आत गेली तर ती तशीच खोचलेली ठेवून घरमालकाच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "कुजलं."

एवढंच. आधी 'कसे आहात' नाही, नंतर 'काळजी करू नका' नाही. चहा घेता का विचारलं तर उत्तर यायचं, "आधी छपराचं गटर पाहू."

ओहायोतल्या डब्लिनमध्ये एकाच वस्तीत आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं राहत होतो. सगळे कॉम्प्युटरवाले. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी इंटरनेटवर वाचणारे. काका आमच्यातल्याच एकाचे वडील. नागपूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर मुलाकडे येऊन राहिलेले. जन्म विटा-सिमेंटमध्ये गेलेला, त्यामुळे इथली लाकडाची घरं बघून आधी त्यांना हसू आलं होतं. "घरं कुठली, खोकी आहेत ही," असं म्हणाले होते. मग लायब्ररीतून पुस्तकं आणून दोन हिवाळ्यांत त्यांनी त्या खोक्यांचा पुरता अभ्यास केला.

एप्रिलात बर्फ वितळून गवत दिसायला लागलं की शनिवारी त्यांची फेरी निघे. कुठे बर्फाच्या वजनाने गटर लोंबलंय, कुठे छपराचे तुकडे वाऱ्याने उचललेत, कुठे भिंतीवरच्या फळ्यांचं साइडिंग फुगलंय, सगळं बघायचे. दोष सापडेल तिथे पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलीने लिहायचे: 'ओल', 'फट', 'कुजलं'. एकदा शेजारच्या अमेरिकन बाईंनी मला विचारलं, की हे तुमच्या धर्मातलं काही आहे का. मी हो म्हणून मोकळा झालो. त्यांनी फार आदराने मान डोलावली.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. फुकट काम करतो, बरोबर करतो, आणि म्हणूनच त्याचा राग येतो. आम्ही त्यांची मनसोक्त टिंगल करायचो. कुणाकडे जेवायला जमलो की एकजण टूथपिक घेऊन गुलाबजामात खुपसायचा, काकांसारखी मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "कुजलं." सगळे हसून लोळायचे. काका कोपऱ्यात ताटली घेऊन बसलेले असत. आम्ही हसतोय हे बघून तेही हसत, जरा उशिरा. त्यांचा मुलगा सगळ्यात मोठ्याने हसायचा. "बाबा, प्लीज, लोकांची घरं टोचत फिरू नका यार," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि काका म्हणायचे, "घर बोलून राहिलं, तुम्ही ऐकून नाही राहिले. मी काय करू?"

मुलाला ते इथे नकोच होते. हे आम्हाला माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. शनिवारची फेरी होती म्हणून त्यांचं त्या घरात जरा तरी वजन होतं. कुणीतरी त्यांना फोन करून बोलवत होतं.

दोन हजार सातच्या वसंतात मला दूर जॉर्जियात, अल्फारेटाला नोकरी मिळाली. जूनच्या आत घर विकायचं होतं आणि घरं तर कुणी घेत नव्हतं. आमच्याच रस्त्यावर 'घर विकणे आहे'च्या तीन पाट्या हिवाळाभर बर्फात उभ्या होत्या. मी काकांना बोलावलं, कारण गरज लागली की आम्ही सगळेच बोलवायचो.

उत्तरेच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, सुई सरळ मुठीपर्यंत आत गेली.

"गटरात बर्फ साचला तुझ्या," काका म्हणाले. "पाणी मागे फिरून साइडिंगच्या आतून उतरलं. नुसती फळी नाही, मागचं प्लायवुडही गेलं. भिंत उघडावी लागते आता."

त्यांनी पट्टी लावली. ते कोपऱ्यावरून वळताच मी ती काढली. भिंत उघडायची म्हणजे जून हातचा जाणार. मी दुकानातून पुट्टी आणली, भोकं बुजवली आणि वरून रंगाचे तीन हात दिले. आयुष्यात घरासाठी स्वतःच्या हाताने केलेलं माझं पहिलं काम. फार सुबक झालं.

गिऱ्हाईक मिळालं तेही मराठीच. निखिल आणि त्याची बायको, पुण्याचे, तिला सहावा महिना. त्यांनी नेमलेल्या इन्स्पेक्टरने दोन तास घर पाहिलं आणि सगळं ठीक म्हणून सांगितलं. सही व्हायच्या आधीच्या शनिवारी निखिल म्हणाला, "इथे एक काका आहेत ना, घर बघून देतात? सगळे त्यांचं नाव घेतात. त्यांना मी बोलावलंय."

काका रस्त्याच्या टोकाला दिसत होते. माझ्याकडे दोन मिनिटं होती. नंतर मी स्वतःला सांगितलं की घाबरून बोललो. ते खरं नाही. मी अगदी नीट, विचार करून बोललो.

"काका फार चांगले आहेत," मी आवाज खाली आणून म्हणालो. "पण आता वय झालं. डोकं तेवढं साथ देत नाही. सगळीकडे त्यांना कुजलेलंच दिसतं. आपण फक्त हो म्हणायचं. त्यांना बरं वाटतं."

निखिलच्या बायकोच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. तिच्या आजोबांचं असंच झालं होतं.

काका थेट उत्तरेच्या भिंतीकडे गेले. ताजा रंग पाहिला, मग मला पाहिलं. "तू केलं हे?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पुट्टीवर सुई टेकवली, ती अडली. तिथून वीतभर बाजूला टेकवली, ती आत गेली.

"कुजलं," ते म्हणाले. "पोरांनो, घर घेऊ नका असं नाही म्हणत मी. पण आधी याच्याकडून ही भिंत उघडून घ्या."

निखिल माझ्याकडे बघून हलकेच हसला आणि त्याने काकांचा कोपर धरला. "हो काका. नक्की. तुम्ही दमला असाल, बसता का?"

"काका, ज्यूस देऊ?" त्याची बायको मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली.

काकांनी आपला कोपर धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे, मग निखिलकडे. मला वाटलं आता चिडतील, सगळं उघड करतील. पण ते गोंधळले. "मी दमलो नाही," एवढंच म्हणाले आणि पुन्हा भिंतीवर टकटक करून ऐकत राहिले. मला लाज वाटली. घर विकलं गेलं, तेव्हा ती कमी झाली.

मी अल्फारेटाला गेलो, माझं वाक्य डब्लिनलाच राहिलं. निखिलने गणपतीच्या कार्यक्रमात काकांच्या मुलाला मनापासून सांगितलं, की काकांची काळजी घ्या, आम्हाला सगळं कळलंय. मुलाला तर हेच हवं होतं. त्या दिवसापासून काकांनी चष्मा विसरला तरी ते लक्षण, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली तरी ते लक्षण. त्यांना एकट्याने बाहेर जायची बंदी झाली. घर बघायला त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. पहिल्यांदाच.

"एक विचारायचं होतं," काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पुढच्या आठवड्यात मुलगा मला नागपूरला सोडून राहिला. तिथे एक वृद्धाश्रम पाहिलाय त्याने. म्हणतो, तुम्हाला नसलेलं दिसतं. मी त्याला म्हटलं, थांब, एकदा विचारतो. तुझ्या खिडकीखालचं लाकूड, ते खरंच कुजलं होतं, की मला तसं वाटलं? तू हो म्हणालास तर मी त्याला फोन देतो. इथेच उभा आहे तो."

मागे मुलाचा आवाज ऐकू येत होता. हो म्हणायचं होतं, बस. पण हो म्हटलं की मुलगा निखिलला सांगणार, निखिल वकील गाठणार, हे सगळं त्या एका श्वासात माझ्या डोक्यात फिरून आलं.

"नाही काका," मी म्हणालो. "लाकूड चांगलं होतं."



"बरं झालं विचारलं," काका म्हणाले. "म्हणजे मुलाचंच बरोबर आहे. त्या पोरीला उगाच घाबरवलं मी, तशा दिवसांत. तू माझ्याकडून तिची माफी माग. मागशील ना?"

मागतो म्हटलं. आणि मागितली. त्याच दुपारी निखिलला फोन करून काकांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्याने तो बायकोला सांगितला. मागे बाळ रडत होतं. "ती म्हणतेय, काकांना सांगा, आम्ही मनावर घेतलं नव्हतं," निखिल म्हणाला.