सगळ्यांच्या सोयीचा सोमवार

गेल्या महिन्यात एका सोमवारी मी भर सभेत हुशारी केली... निदान पुढचे पंधरा दिवस तरी मला तसंच वाटत होतं.

आमच्या वॉर्डातल्या हॉलमध्ये एक संस्था रोज दुपारी म्हाताऱ्यांचे व्यायाम घ्यायची. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा (हा माझा), कुणाचा पक्षाघाताने लुळा पडलेला हात. फिजिओथेरपीवाली ताई शिकवते, संस्थेची व्हॅन न्यायला-आणायला यायची. चटयांच्या रांगा, तेलाचा वास आणि ताईचं ठेक्यातलं एक-दोन-तीन-चार... तिथे गेलं की मला चौथीचा वर्ग आठवतो. सगळे मिळून कविता म्हणत असल्यासारखे हात वर, हात खाली.

गेल्या महिन्यात महापालिकेने या संस्थेचं अनुदान कमी केलं. म्हणजे रोजच्याऐवजी आठवड्यातून एकच दिवस, आणि व्हॅन बंद. या कपातीचा फटका बायका, पुरुष, अपंग, अमक्या धर्माचे, तमक्या जातीचे, यांपैकी कुणा एकालाच जास्त बसत नाही ना, हे बघायला महापालिकेतून एक तरुण मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या हो... म्हणाल्या, सगळ्यांना सारखा सोयीचा दिवस तुम्हीच निवडा.

मग जो गोंधळ सुरू झाला... शुक्रवार म्हणावं तर जुम्मा. मंगळवार देवीचा. गुरुवारी निम्मी मंडळी नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला. कपातीमुळे ताईने बुधवारी आणि शनिवारी कागलचं काम धरलेलं. रविवारी हॉल लग्नकार्यांना दिलेला. मागून कुणीतरी म्हणालं, आठवडा आठ दिवसांचा करून मिळतोय का बघा मॅडम.

तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, सोमवार घ्या की. बाजार बंद, दुकानं सांभाळणारी मुलं घरी. आज आणलं तसं तीच गाडीवरून सोडतील, व्हॅनचीही गरज नाही. सगळ्या माना हलल्या... लहानपणी न अडखळता कविता म्हटली की गुरुजींची मान हलायची, अगदी तशा.

मॅडमनी हात वर करायला सांगितले. आमच्यात शकीलाभाभी आहेत, त्यांचा डावा हात वर्षभर हलत नव्हता. ताईने त्यांना सांगून ठेवलंय, जमेल ते डाव्याने करा. त्यांनी डावा हात उचलला... आणि तो पहिल्यांदाच कानाच्या वर गेला! अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी लिहून घेतलं, एकमत.

पुढच्या सोमवारी गेलो तर हॉलमध्ये सगळे पुरुष. एकही बाई नाही. म्हटलं, कुणाकडे बारसं-बिरसं असेल. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच... ताई एक-दोन-तीन-चार म्हणत होती, पण लक्ष दाराकडे. मला म्हणाली, काका, भाभींचा हात आत्ता कुठे सुटायला लागला होता, आता थांबला तर परत आखडेल.

मला काही कळेना. ज्यांच्या गोठ्यावर मी दूध आणायला जातो त्या अक्काताईही गुडघ्यासाठी यायच्या. त्यांनाच विचारलं, अहो, सोयीचा दिवस घेतला आणि तुम्ही येईनाशा का झालात?

मी कविता करतो म्हणून त्या मला कविराज म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "काय कविराज, तुमी कवा सोमवारी चुलीपुढं हुबा ऱ्हायलासा काय?" मग एकेक सांगत गेल्या. तिन्ही मुलगे घरी, एकाचा उपास, दुसऱ्याला गरम भाकरी, तिसऱ्याचे मित्र चहाला. शकीलाभाभींकडे उपास नाही, एवढाच काय तो फरक. बाकीच्या दिवशी दुपारी घर रिकामं व्हायचं, तेव्हाच बायका निघायच्या.

मी म्हटलं, मग त्या दिवशी सभेत बोलला का नाही?

"पोरगा शेजारीच बसलावता की. तू घरात असलास की मला सुट्टी नसती, असं त्याच्या म्होरं सांगू व्हय?"

दुधाची किटली तशीच हातात घेऊन मी घरी आलो. शाळेत शिकलो होतो, कवितेच्या काही वृत्तांमध्ये अक्षरं मोजायची, काहींमध्ये मात्रा. ओळी दिसायला लहानमोठ्या, पण मात्रा सारख्या... इथे काय मोजायचं होतं? सगळ्यांना एकेक दिवस मिळाला, तरी निम्म्यांना काहीच मिळालं नाही. बरं, दुसरा दिवस घ्यावा तर व्हॅन नाही, मुलं दुकानात, माझ्यासारखे म्हातारे घरीच राहणार.

शेवटी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, काका, एकमत होतं हो. मग मी अक्काताईंचं सगळं सांगितलं... आणि एका भर दुपारी, मुलं कामावर असताना, मॅडम अक्काताईंच्या अंगणात आल्या. सगळ्या बायका जमल्या होत्या. मीही उत्साहाने आत निघालो, तर अक्काताईंनी गोठ्याकडे बोट दाखवलं. "तुमी तकडं बसा. म्हशी काय दिवस सुचवत न्हाईत."

तासभर म्हशींच्या संगतीत बसलो. आतून हसण्याचे आवाज येत होते... काय बोलल्या असतील, मला आजही माहीत नाही.

मॅडम गेल्यावर मी विचारलं, कुठला वार ठरला? अक्काताई म्हणाल्या, "वार ठरिवलाच न्हाय. येक दिस कुणालाच पुरत न्हाय, आनि कुठल्या दिशी कोन गळतंय, तेवढं लिवून न्यायला सांगितलं."

आम्हाला दिवस निवडायला सांगितला आणि आम्ही शहाणे पुरुष निवडत बसलो... दिवस कमी करायचेच कशाला, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

महापालिकेचं उत्तर अजून आलेलं नाही. काय येईल सांगता येत नाही, आणि बरोबर काय हेही मला अजून नीट उमगलेलं नाही... पण त्या दुपारी मला बाहेर बसवलं, त्याबद्दल अक्काताईंचे मनापासून आभार.