धारेच्या वेळची प्रार्थना

आई गेली मंगळवारी, सकाळची धार काढून झाल्यावर. त्यानंतर बुधवारची दुपार कलली तरी गाईने थेंब दिला नव्हता. थोरल्या मुलीच्या नाकी नऊ आले होते. घरात माणसं भरलेली, उद्या दफन, चर्चचे पाळकसाहेब हिला शोधताहेत, आणि ही गोठ्यात रिकामी बादली घेऊन बसलेली. जनावरांच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं होतं, "आज धार निघाली नाही तर कास सुजेल, एखादा सड कायमचा जाईल. मी उद्या येतो." उद्या येऊन काय दिवे लावणार होता, कोण जाणे.

"गायसुद्धा तिच्याच वळणावर गेलीय," मुलगी पुटपुटली.

चूक आईचीच होती. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती या शेतावर आली, तेव्हा सासूने विचारलं होतं, एवढ्या कामात प्रार्थना कधी करणार तू? ही म्हणाली, हात अडकलेत, तोंड तर मोकळंच आहे. तेव्हापासून चौसष्ट वर्षं, सकाळ-संध्याकाळ, गाईच्या कुशीला कपाळ टेकून एकेक नाव घेत तिने धार काढली. किती गाई आल्या नि गेल्या, सगळ्यांना तीच सवय. आता प्रार्थना नाही तर पान्हा नाही. लोक गाईला पेंडीची सवय लावतात, हिने प्रभूच्या नावाची लावून ठेवली!

आईचा हा कारभार मुलीला कधी झेपलाच नाही. रविवारी शेतात काम नाही म्हणजे नाही. एकदा कापलेला गहू रानात पडलेला, आभाळ भरून आलेलं, बाबा अंगणात येरझारा घालताहेत, आणि बाईसाहेब चारही मुलांचे केस विंचरून उपासनेला निघाल्या. गहू भिजला. मग आठवडाभर तो घरातल्या सगळ्या पलंगांवर वाळत पडला आणि मुलं जमिनीवर झोपली. बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिने आठही दिवस त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तीही त्यांना नीट ऐकू जाईल अशी.

बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याचं नावही यादीत होतं. त्याचा पाय मोडला तेव्हा दोन महिने त्याच्या घरी इथून जेवण गेलं.

"अगं, त्याने आपली जमीन खाल्ली," मुलगी कळवळून म्हणाली होती.

"म्हणून तर त्याला गरज जास्त," आई म्हणाली.

आता असल्या बाईशी माणसाने भांडायचं तरी कसं?

तरी मुलगी एकदा भांडलीच. अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याला सोडून माहेरी आली. आई काय झालं विचारेल, जवळ घेईल, निदान त्याला दोन शिव्या घालेल, असं वाटलं होतं. आई म्हणाली, "मी रोज प्रार्थना करतेय तुझ्यासाठी." तिथे मुलीचं टाळकं सरकलं. "माझं नाव काढ त्या यादीतून. पुन्हा कधी घ्यायचं नाही. शब्द दे मला." आईने ओले हात पुसले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

आणि आईने जन्मात शब्द मोडला नव्हता. तिथेच तर घोडं अडलं होतं. रागाच्या भरात बोललेलं मागे घ्यायला मुलीचं तोंड उघडलं नाही, धारेच्या वेळी ती गोठ्याकडे फिरकलीही नाही, आणि मनाला एकच गोष्ट कुरतडत राहिली: हिने खरंच काढलं असेल का? आज विचारू, उद्या विचारू करता करता आई गेली.

बाबा गोठ्याच्या दारात पालथ्या क्रेटवर बसले होते. "नावं घे," ते म्हणाले. "त्याशिवाय ती सोडायची नाही."

"मला पाठ नाहीत, बाबा. आणि मी प्रार्थना करत नाही."

"तू नको करू. मी सांगतो, तू नुसतं म्हण."

तिने कासेला कोमट पाणी लावलं, कपाळ टेकलं आणि स्वतःचीच लाज वाटत बाबांच्या मागून म्हणायला लागली. धाकटा, त्याची बायको. मधल्या दोघी, त्यांची मुलं. पाळकसाहेब. बाबांचा गुडघा. बांधावरचा शेजारी, त्याचं नाव तिने दात खात घेतलं. मग बाबा थांबले. चौघांतल्या तिघांची नावं आली होती.

म्हणजे काढलं होतं. पाळला होता शब्द. एकदा, फक्त एकदा खोटं वागली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? मुलीला संताप आला, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

"आमेन," ती फटकन म्हणाली. गाईने शेपटी तिच्या तोंडावर मारली.

"एवढ्यात आमेन नाही," बाबा म्हणाले. "आधी गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"पुष्कळ. बाकी सगळ्यांना मिळून लागतो तेवढा."

"आणि ते कशासाठी?"

एवढी शिकलेली पोर इतकी मठ्ठ कशी, असं बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "नाव घेणार नाही असा शब्द दिला होता ना तिने तुला."

मुलीने पुन्हा कपाळ टेकलं. थोड्या वेळाने गाईने पान्हा सोडला. बादली भरत आली, तरी तिच्याने आमेन म्हणवेना.